कुत्रं चावलं, लस मिळाली. पण जखमेतलं इंजेक्शन कुठंय?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबाबत देशभरासाठी आदेश दिला. शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री हटवा, कुंपण घाला, असं त्यात सांगितलं होतं. त्यावर टीव्हीवर चर्चा रंगल्या. कुत्र्यांच्या बाजूचे एकीकडे, कुत्र्यांना वैतागलेले दुसरीकडे. गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच चाललं.

पण त्याच आदेशात आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयात रेबीजची लस आणि त्यासोबत लागणारं इम्युनोग्लोब्युलिन यांचा साठा कायम असलाच पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं.

लस सगळ्यांना माहीत आहे. हे दुसरं जे अवघड नावाचं औषध आहे, ते किती जणांना माहीत आहे? दवाखान्यात त्याला नुसतं 'सिरम' म्हणतात. ग्रामीण भागात खरी अडचण याच औषधाची आहे. आणि त्याच अडचणीवरचा एक नवा उपाय आपल्याच राज्यात, पुण्यात तयार होतो. त्याचं नाव मोनोक्लोनल अँटीबॉडी. नाव परकं वाटतं, पण वाडी-वस्तीवरच्या पोराच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे.

एक नेहमीचं चित्र

समजा, ऊसतोड कामगारांची टोळी गावाबाहेर उतरली आहे. आई-बाप पहाटे फडात गेलेत. सात वर्षांची पोरगी कोपीजवळ खेळतेय. पिसाळल्यासारखं कुत्रं येतं आणि तिच्या गालाला, हाताला चावतं. रक्त येतं. कुणीतरी जखमेवर हळद दाबतं, कुणी चुना लावतं. दुपारी मुकादम मोटारसायकलवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतो.

तिथं लस मिळते. दंडात सुई टोचली जाते. मग डॉक्टर सांगतात, "हिला सिरम पण लागेल. ते इथं नाही. सिव्हिलला जा." चिठ्ठी हातात पडते. सिव्हिल साठ-सत्तर किलोमीटरवर. जायचं म्हणजे दोघांची दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडं वेगळं, परत यायला रात्र. बाप विचार करतो, इंजेक्शन तर दिलंय की. आणि टोळी कोपीकडे परत येते.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. पण कुठल्याही तालुक्यातल्या आरोग्य सेवकाला विचारा, तो म्हणेल, असं होतं. यात बापाचा दोष कमी आहे. दोन इंजेक्शनं दोन वेगळी कामं करतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दोन इंजेक्शनं, दोन कामं

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो. चावा बसला की तो जखमेत उतरतो. रक्तातून तो लगेच अंगभर पसरत नाही. जखमेजवळच्या मांसात थोडा थांबतो, मग नसेत शिरतो आणि नसेवाटे मेंदूकडे सरकतो. मेंदूत पोहोचून लक्षणं सुरू झाली, पाण्याची भीती वाटू लागली, की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. म्हणजे जे काही करायचं ते विषाणू नसेत शिरायच्या आत.

लस काय करते? ती शरीराला विषाणूशी लढायला शिकवते. शरीर स्वतःच्या अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार करू लागतं. पण याला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस माणूस उघडा असतो.

चावा पायाला असेल तर मेंदू लांब असतो, थोडा वेळ मिळतो. चावा तोंडाला, मानेला, डोक्याला असेल तर मेंदू जवळ. बोटांमध्ये नसांचं जाळं दाट असतं, त्यामुळे तिथला चावाही धोक्याचा. लहान पोरांची उंची कमी म्हणून त्यांना बरेचदा वरच्या भागात चावा बसतो. अशा वेळी लसीची वाट बघत बसणं परवडत नाही.

इथं सिरम कामाला येतं. त्यात तयार अँटीबॉडी असतात. त्या थेट जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचतात. विषाणू जिथं आहे तिथंच त्याला घेरतात. लस म्हणजे पेरणी, पीक यायला वेळ लागतो. सिरम म्हणजे आज रात्रीची भाकरी. दोन्ही लागतात, एकावर भागत नाही.

नियम सोपा आहे. कुत्र्याने नुसतं चाटलं आणि कातडी धड आहे, तर धुतलं की झालं. रक्त न येता थोडं खरचटलं, तर लस. दात लागून कातडी फाटली, रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला, तोंडाला, डोळ्याला लाळ लागली, तर लस आणि सोबत सिरम. याला डॉक्टर 'कॅटेगरी तीन' म्हणतात. कोल्हा, लांडगा असा रानातला प्राणी चावला तर तेही याच गटात धरतात.

घोड्याच्या रक्तापासून सुरुवात

आतापर्यंत हे सिरम दोन ठिकाणाहून यायचं. एक घोड्यापासून, दुसरं माणसापासून.

साप चावल्यावर देतात ते औषध घोड्यापासून बनतं, हे बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत आहे. घोड्याला थोडं-थोडं विष टोचत जातात, त्याचं शरीर अँटीबॉडी बनवतं, मग त्याचं रक्त काढून त्या वेगळ्या करतात. रेबीजच्या सिरमचीही रीत तीच, फक्त घोड्याला विषाऐवजी रेबीजची लस टोचतात. हे सिरम स्वस्त पडतं. पण ते घोड्याचं असल्यामुळे एखाद्याला रिॲक्शन येऊ शकते. आता ते बरंच शुद्ध करून येतं आणि मोठी रिॲक्शन क्वचितच येते. तरी ती आली तर सांभाळायची तयारी हवी म्हणून अनेक लहान दवाखाने हात आखडता घेतात आणि रुग्णाला पुढे पाठवतात.

माणसाचं सिरम जास्त सोसवतं. पण ते लस घेतलेल्या लोकांनी दिलेल्या रक्तातून काढावं लागतं. दाते कमी, त्यामुळे माल कमी आणि भाव जास्त. खासगीत एका मोठ्या माणसाचा खर्च हजारोंच्या घरात जातो. शिवाय रक्तापासून बनणाऱ्या कुठल्याही औषधाला रक्तातून येणाऱ्या रोगांची तपासणी काटेकोर लागते.

म्हणजे एक स्वस्त पण धास्तीचं, दुसरं चांगलं पण महाग. दोन्हींचा पुरवठा घोड्यांवर नाहीतर माणसांवर अवलंबून. मागणी वाढली म्हणून उद्या दुप्पट माल काढू, असं होत नाही. तुटवड्याचं मूळ इथं आहे.

एकाच किल्लीच्या लाखो नकला

मोनोक्लोनल अँटीबॉडीने हे गणित बदललं.

घोड्याच्या रक्तात विषाणूविरुद्ध एकच अँटीबॉडी नसते, शेकडो तऱ्हेच्या असतात. काही जोरदार, काही कुचकामी. किल्ल्यांचा मोठा जुडगा असावा आणि त्यातल्या दोन-चारच कुलपाला बसाव्यात, तसं. शास्त्रज्ञांनी विचार केला, नेमकी बसणारी किल्ली हुडकली आणि फक्त तिच्याच नकला काढल्या तर?

हे कसं करायचं ते १९७५ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन या दोघांनी दाखवलं. अँटीबॉडी बनवणारी पेशी फार दिवस जगत नाही. त्यांनी ती कॅन्सरच्या पेशीशी जोडली. कॅन्सरची पेशी मरत नाही, वाढतच राहते. त्यामुळे एकाच तऱ्हेची अँटीबॉडी बनवत राहणारा जणू कारखानाच हाती आला. 'मोनो' म्हणजे एक, 'क्लोन' म्हणजे हुबेहूब नक्कल. या शोधाला १९८४ साली नोबेल मिळालं. पुढे पद्धती सुधारल्या. आता अँटीबॉडीचा जनुकीय आराखडा वेगळ्या पेशीत घालतात आणि मोठ्या टाक्यांमध्ये त्या पेशी वाढवतात. घोडा नको, रक्तदाता नको.

आज ही औषधं अनेक आजारांत वापरतात. ज्यांच्या घरात कॅन्सरचा पेशंट झाला आहे, त्यांनी रिटुक्सिमॅब किंवा ट्रास्टुझुमॅब ही नावं ऐकली असतील. पहिलं रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये, दुसरं स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये देतात. नावाच्या शेवटी 'मॅब' आलं की समजायचं, हे मोनोक्लोनल अँटीबॉडीचं औषध.

कोविडमध्येही हे नाव गाजलं होतं. मे २०२१ मध्ये 'अँटीबॉडी कॉकटेल' भारतात आलं, तेव्हा एका रुग्णाच्या डोसची किंमत ५९ हजार ७५० रुपये होती. ज्यांना परवडलं त्यांनी घेतलं. पुढे ओमिक्रॉन आला, विषाणूने रूप बदललं आणि ते कॉकटेल निकामी ठरलं. यावरून ग्रामीण भागात एक समज पक्का झाला की हे श्रीमंतांचं औषध आहे आणि त्याचा भरवसाही नाही. रेबीजच्या बाबतीत मात्र हा समज बाजूला ठेवायला हवा.

पुण्याचं औषध

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेसोबत रेबीजविरुद्धची मोनोक्लोनल अँटीबॉडी तयार केली. २०१७ साली ती 'रॅबिशील्ड' नावाने भारतात आली. रेबीजसाठी असं औषध बाजारात येण्याची ही जगातली पहिली वेळ. कॅटेगरी तीनचा चावा बसलेल्या २०० जणांवर त्याआधी चाचणी झाली होती. निम्म्यांना माणसाचं सिरम, निम्म्यांना हे नवं औषध, आणि दोघांनाही लस. संरक्षणाची पातळी दोन्हीकडे तोडीस तोड आली. त्यानंतर अहमदाबादच्या झायडस कंपनीने 'ट्विनरॅब' आणलं. त्यात एक नाही, दोन वेगळ्या अँटीबॉडी एकत्र आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं की मोनोक्लोनल अँटीबॉडी मिळत असेल तर जुन्या सिरमऐवजी ती वापरायला हरकत नाही, उलट प्रोत्साहन द्यावं. २०२१ साली ही औषधं त्यांच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. हे औषध आता श्रीमंतांसाठीची चैन उरलेलं नाही, असा याचा सरळ अर्थ.

डोसचा हिशेब बघितला तर फरक कळतो. घोड्याचं सिरम दर किलो वजनाला ४० युनिट, माणसाचं २० युनिट, रॅबिशील्ड ३.३३ युनिट. म्हणजे ६० किलोच्या माणसाला अनुक्रमे २४००, १२०० आणि २००. युनिट कमी म्हणजे ताकद कमी, असा याचा अर्थ नाही. नेमकी किल्ली असल्याने कमी युनिटमध्ये काम होतं. ट्विनरॅबचा डोस मात्र दर किलोला ४० युनिट आहे. त्यामुळे कुठल्या कंपनीचं औषध आहे ते बघूनच डॉक्टर डोस ठरवतात. व्हॉट्सॲपवर वाचून मेडिकलमधून आणून घरी टोचायची ही गोष्ट नाही.

मग तालुक्यात का अडतं?

औषध आहे, राज्यातच बनतं, जागतिक यादीत आहे. तरी आरोग्य केंद्रातून "सिव्हिलला जा" का ऐकू येतं? कारणं तीन-चार आहेत.

पहिलं, खरेदी. मोनोक्लोनल अँटीबॉडी अजून घोड्याच्या सिरमइतकी स्वस्त नाही. खरेदी करणारा बाटलीचा भाव बघतो. रुग्णाच्या गाडीभाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि न घेतलेल्या डोसचा हिशेब त्या कागदावर येत नाही. तो खर्च गावाकडे ढकलला जातो.

दुसरं, दोन साखळ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. मागणी वेगळी, साठा वेगळा, जबाबदारी वेगळी. गावाला मात्र दोन्ही 'सरकारी दवाखाना'च. एका ठिकाणी संपलं आणि दुसऱ्या ठिकाणी पडून आहे, तर ते हलवायला कुणीतरी फोन उचलावा लागतो.

तिसरं, सवय. जखमेत सुई टोचणं हे दंडात टोचण्यापेक्षा कटकटीचं. लहान पोर रडतं, ओरडतं, चार जणांना धरावं लागतं. गालावर, बोटाच्या टोकाला टोचायला हात बसलेला हवा. ते प्रशिक्षण नसेल तर डॉक्टर रेफर करतात. घोड्याच्या सिरमची धास्ती हे रेफर करायचं एक कारण होतं. मोनोक्लोनलमध्ये घोड्याचा अंश नाही, त्यामुळे त्या कारणाचा जोर बराच कमी होतो.

चौथं कारण सांगितलं जातं ते साठवणुकीचं. हे औषध २ ते ८ अंशात ठेवावं लागतं. पण बाळांच्या लसीही त्याच तापमानात ठेवतात आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत शीतपेट्या आहेत. ज्या फ्रिजमध्ये पेंटाची लस टिकते, त्यात ही बाटलीही टिकेल. त्यामुळे हे कारण पटण्यासारखं नाही.

आकडे काय सांगतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत घरोघरी सर्वेक्षण केलं. त्यावरून काढलेला अंदाज असा, की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजने वर्षाला ५,७२६ माणसं जातात. चार चाव्यांपैकी तीन कुत्र्याचे. पूर्वी मृत्यूचा आकडा १८ ते २० हजार धरत, त्या मानाने हा कमी आहे. पण हा असा रोग आहे की वेळेवर पूर्ण उपचार झाले तर जवळपास एकही मृत्यू व्हायला नको. तेव्हा ५,७२६ हा आकडा छोटा कसा म्हणायचा?

याच सर्वेक्षणात दिसलं की कुत्रं चावलेल्या साधारण पाचातल्या एकाने लसीचा एकही डोस घेतला नव्हता. आणि ज्यांनी सुरू केला त्यातल्या जवळपास निम्म्यांनी तो पुरा केला नाही. लस तर तुलनेने जवळ मिळते. तिचं हे, तर साठ किलोमीटरवरच्या सिरमचं काय होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

केंद्र सरकारने २०२१ साली आराखडा जाहीर केला आहे, २०३० पर्यंत कुत्र्यापासून होणारा रेबीज देशातून संपवायचा. कुत्र्यांचं लसीकरण हा त्याचा मुख्य भाग आहे आणि तो बरोबरच आहे. पण तोवर चावे होतच राहणार. चावलेल्या माणसाला दुसरं इंजेक्शन किती लांब जाऊन घ्यावं लागतं, यावर पुढची काही वर्षं तरी बरंच अवलंबून आहे.

शंका आहेत, त्याही ऐका

हे औषध म्हणजे जादूची कांडी नाही. लक्षणं सुरू झाल्यावर त्याचा उपयोग होत नाही. लसीशिवाय एकट्याने ते पुरत नाही, कारण काही आठवड्यांत त्याचा असर उतरतो. पुढचं संरक्षण लसीचंच.

एक जुनी चर्चा तज्ज्ञांमध्येही आहे. एकच किल्ली असेल आणि उद्या विषाणूने कुलूप बदललं तर? कोविडमध्ये तेच झालं. रेबीजची अँटीबॉडी निवडताना विषाणूच्या सहसा न बदलणाऱ्या जागा बघितल्या आहेत. शिवाय रेबीजचा विषाणू कोविडसारखा चार-सहा महिन्यांत रंग पालटत नाही. तरी दोन अँटीबॉडी एकत्र असणं जास्त सुरक्षित, असं मानणारे आहेत आणि वापरावर नजर ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ते योग्यच आहे. पण ज्या तालुक्यात आज ना घोड्याचं सिरम आहे ना माणसाचं, तिथं प्रश्न 'एक की दोन' असा नाही. तिथं प्रश्न 'आहे की नाही' असा आहे.

चावल्यावर काय करायचं

सगळ्यात आधी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. शेतात असाल तर मोटरीच्या पाण्याखाली. विषाणू साबणाने मरतो आणि हा उपाय फुकट आहे. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू काही लावायचं नाही. जखम लगेच शिवायची नाही. टाके घालायचेच असतील तर आधी सिरम, मग टाके, हे डॉक्टरला माहीत असतं.

"कुत्रं दहा दिवस बघू, मेलं तर इंजेक्शन घेऊ" हे चुकीचं आहे. उपचार त्याच दिवशी सुरू करायचे. कुत्र्यावर नजर ठेवायची, ते दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचं डॉक्टर ठरवतील. वाट कुत्र्याची बघायची, उपचाराची नाही.

सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस असेल तर दिवस शून्य, ३, ७ आणि २८ असे डोस असतात. पहिला डोस घेतला तो दिवस शून्य. कार्ड जपून ठेवायचं. टोळी दुसऱ्या गावाला गेली तरी तिथल्या केंद्रात कार्ड दाखवून पुढचा डोस घेता येतो. एखादी तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस लगेच घ्यायचा.

सिरम किंवा मोनोक्लोनल शक्यतो पहिल्याच दिवशी. त्या दिवशी नाही मिळालं, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं. त्यानंतर लसीची स्वतःची अँटीबॉडी येऊ लागते, मग देत नाहीत. म्हणजे "सिव्हिलला जा" ही चिठ्ठी मिळाली तर हातात सात दिवस आहेत, पण ते थांबायला नाहीत. ज्यांनी आधी कधी रेबीजची पूर्ण लस घेतली आहे त्यांना सिरम लागत नाही, लसीचे दोन डोस पुरतात. आणि चावून बरेच दिवस झाले, काहीच घेतलं नाही, अशा माणसानेही घरी बसू नये. उशीर झाला तरी दवाखाना गाठावा.

डॉक्टरला विचारायला लाजू नये. "साहेब, जखमेतलं इंजेक्शन दिलं का? इथं नसेल तर नेमकं कुठं आहे? फोन करून सांगाल का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ. साठा नसलेल्या दवाखान्यातून साठा नसलेल्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवणं, हा प्रकार तरी टळेल. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. त्यामुळे बाहेरून विकत आणा, असं कुणी म्हटलं तर तेही लेखी मागायला हवं.

प्रश्न ग्रामसभेचाही आहे

सगळ्या प्राथमिक केंद्रांत एकदम मोनोक्लोनल ठेवणं कदाचित जमणार नाही. पण प्रत्येक तालुक्यात किमान एका ठिकाणी, चोवीस तास, ते असणं अशक्य नाही. ग्रामीण रुग्णालयात पाच-दहा जणांना पुरेल एवढ्या बाटल्या, टोचायला शिकलेला एक डॉक्टर आणि एक नर्स, आणि साठा संपत आला की आधीच जाणारी मागणी. एवढ्यावर काम भागतं. आरोग्य केंद्रांकडे रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो. त्या समितीत गावाने निवडून दिलेली माणसं बसतात. पंचायत समितीच्या आमसभेत आमदार बसतात. रस्ता, पाणी, घरकुलाचे प्रश्न तिथं येतात. रेबीजचं सिरम तालुक्यात कुठल्या कपाटात आहे, हा प्रश्न क्वचितच येतो.

ऊस हंगामात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. हजारो कुटुंबं मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात येतात, उघड्यावर राहतात, पोरं दिवसभर कोपीजवळ एकटी असतात. ज्या तालुक्यात साखर कारखाना आहे, तिथल्या ग्रामीण रुग्णालयात नोव्हेंबर ते मार्च या काळात जादा साठा हवा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कारखान्यानेही त्यात वाटा उचलायला हवा. टोळीच्या मुकादमाला चिठ्ठीवर एक नंबर दिला, 'चावलं तर इथं फोन', तरी ती पोरगी त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचेल.

न्यायालयाने साठा कायम ठेवा म्हटलं. औषध पुण्यात बनतं. आरोग्य केंद्रात फ्रिज आहे. यापुढे "वरून आलं नाही" हे उत्तर पुरेसं धरता येणार नाही. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी रुग्णालयाच्या दारावर एक पाटी लावावी. आज लस आहे का, जखमेतलं इंजेक्शन आहे का, नसेल तर जवळ कुठं आहे. तीन ओळींची पाटी. ती लागते की नाही, हे प्रत्येक गावाने आपापल्या रुग्णालयाच्या दारावर जाऊन बघावं.